उभयान्वयी मोटार

मराठी शाळेत व्याकरण शिकताना उभयान्वयी अव्यय नावाचा जो एक प्रकार मला शिकविण्यात आला, त्याचा पुढे व्यवहारात काही उपयोग होईल अशी अपेक्षा ना मला होती, ना शिकविणाऱ्या गुरुजींना. परंतु वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, इंग्लंडातील रेडिंग या गावी, चिरंजीवांच्या स्वयंपाकघरात बटाट्याच्या काचऱ्या करीत बसलो असता त्या प्रकाराची मला एकाएकी आठवण झाली. निमित्त मोटारीचे होते. चिरंजीवांचे कचेरीतील एक स्नेही, मूळचे नागपूरचे, सर्वस्वी विजेवर चालणारी गाडी घेण्याच्या बेतात होते. आणि त्यांची जुनी गाडी, जी पेट्रोलवरही चालते, भिंतीतल्या विजेवरही चालते आणि मनात आणल्यास दोहोंवर मिळूनही चालते, ती आपण घ्यावी की न घ्यावी असा पेच चिरंजीवांपुढे पडला होता.

"बाबा, प्लग-इन हायब्रिड आहे. म्हणजे पेट्रोल आणि वीज," ते म्हणाले.

सूनबाई शेगडीपाशी उभ्या होत्या. त्या मागे न वळता म्हणाल्या, "आणि नव्हे. परंतु."

प्रकरणाचे मर्म या दोन शब्दांत येऊन गेले होते, हे मला कळायला पुढे चार आठवडे लागले.

हायब्रीड हा शब्द मी प्रथम ऐकला तो ज्वारीच्या संदर्भात. १९६४ साली सी.एस.एच.-१ नावाचे संकरित वाण प्रसृत झाले, आणि पुढे यथावकाश ते आमच्या तालुक्यात पोचले, तेव्हा चावडीवर त्याविषयी जो ऊहापोह चाले त्यात आणि रेडिंगमध्ये या मोटारीविषयी चाललेल्या ऊहापोहात मला तसूभरही अंतर दिसले नाही. उतारा भरपूर, हे सारेच कबूल करीत. परंतु भाकरीला चव नाही, कडबा आखूड, आणि बियाणे दरसाल नव्याने विकत घ्यावे लागते, अशी म्हाताऱ्या शेतकऱ्यांची कैफियत असे. आणि एवढी कैफियत मांडून झाल्यावर तेच म्हातारे पुढच्या मृगात तेच बियाणे पेरीत. तेव्हा हायब्रीड वस्तूविषयी तोंडाने एक बोलावे आणि हाताने दुसरे करावे, हा शिरस्ता जुनाच म्हणायचा.

महसूल खात्यात अव्वल कारकुनापासून नायब तहसीलदारापर्यंत चौतीस वर्षे चाकरी केलेल्या मनुष्याचा मत देण्याचा अधिकार त्याच्या घरात कोणी मानीत नाही. परंतु चौकशी करून अहवाल देण्याचा अधिकार मात्र सर्वजण आनंदाने देतात, कारण चौकशी म्हटली की तो मनुष्य काही दिवस कोणाच्या पायांत येत नाही. स्नेही दिवाळीसाठी आणि तुळशीचे लग्न लागल्यावर बहिणीचे लग्न लावण्यासाठी नागपूरला निघाले होते. गाडी त्यांनी आमच्या दारात आणून ठेवली, चिरंजीवांनी २८ दिवसांचा तात्पुरता विमा उतरविला, आणि मी नवी कोरी वही उघडून पहिल्या पानावर 'श्री' काढले.

दोन इंधनांची ही सोयरीक आजकालची आहे असा माझा समज होता. तो खोटा ठरला. फर्डिनांड पोर्श या पंचविशीतल्या अभियंत्याने १९०० सालीच व्हिएन्नातील लोनर कारखान्यासाठी अशी गाडी रचली होती, की जिच्यात पेट्रोलचे इंजिन वीज निर्माण करी आणि ती वीज चाकांच्या तुंब्यांत बसविलेल्या मोटरी फिरवी. पुढे तेल स्वस्त झाले आणि हा संसार मोडला, तो १९९७ साली टोयोटाने जपानात प्रियस आणीपर्यंत सांधला गेला नाही. तिलाही भिंतीची वीज चालत नव्हती. भिंतीतून वीज घेणारी, कारखान्यातून घाऊक निघालेली पहिली गाडी चीनच्या बीवायडी कंपनीने डिसेंबर २००८ मध्ये काढली. आणि आखूड शेपटीच्या, पाचव्या दाराच्या, ज्यांना हॅचबॅक म्हणतात अशा गाड्यांत ही विद्या युरोपात २०१४ च्या सुमारास गोल्फ जीटीई, ऑडी ए-३ ई-ट्रॉन यांच्या रूपाने उतरली. आमच्या दारातली गाडीही याच पिढीतली, जर्मन बनावटीची, २०१६ सालची.

कागदपत्रे तपासायला घेतली आणि पहिल्याच पानावर मला तफावत आढळली. पेट्रोलचे इंजिन १५० अश्वशक्तीचे, विजेची मोटर १०२ अश्वशक्तीची, आणि दोहोंची मिळून बेरीज २०४. मी ती बेरीज तीनदा केली. तिन्ही वेळा २५२ आली. एखाद्या तलाठ्याने असा हिशेब दाखल केला असता तर मी त्याला सायंकाळपर्यंत उभा केला असता. येथे अठ्ठेचाळीस घोडे गहाळ असून कोणाला त्याचे सोयरसुतक नव्हते. चिरंजीवांनी समजूत घातली, की इंजिनाचा जोर वरच्या गतीला पराकोटीस पोचतो आणि मोटरीचा खालच्या गतीला, म्हणून दोघांच्या पराकाष्ठा एकाच क्षणी होत नाहीत आणि त्यांची सरळ बेरीज मांडता येत नाही. हे मला पटले. आमच्या लग्नाला एकोणपन्नास वर्षे झाली आहेत.

वीज घेण्याचे छिद्र या गाडीला कोठे असावे? नाकात. पुढच्या जाळीवर जे बोधचिन्ह मिरवते ते बाजूला सारले की आत खोबण दिसते, आणि तिच्यात तार अडकवायची. म्हणजे गाडी घराकडे तोंड करून उभी करावी लागते आणि तिच्या नाकातून निघालेली दोरी घरात न्यावी लागते. बैलाला वेसण घालून दावणीला बांधलेले ज्याने पाहिले आहे, त्याला या यंत्रात नवीन असे काही वाटू नये. फरक इतकाच, की बैल दावणीला बांधला की स्वतःहून खातो. येथे आधी आपल्याला पावसात उभे राहावे लागते.

ती तार शोधण्यासाठी डिकी उघडली. बॅटरी मागच्या आसनाखाली बसविल्याने पेट्रोलची टाकी मागे सरकली, टाकी मागे सरकल्याने डिकीचा तळ वर आला, आणि जिथे या गाडीच्या साध्या बहिणीला ३८० लिटरची जागा आहे, तिथे हिला २७२ उरली. हा आकडा मी आमच्या मोठ्या बॅगेने पडताळून पाहिला. एक बॅग आडवी बसली. दुसरी, जिच्यातून आम्ही सहा महिन्यांच्या व्हिसावर सहा महिन्यांची मेतकूट-भाजणी आणली होती, ती बसेना. एकशेवीस किलोची बॅटरी जिथे बसते तिथे तेवीस किलोच्या भाजणीला जागा नसावी याबद्दल सौ.ने तीव्र नापसंती व्यक्त केली, आणि ती मी शब्दशः वहीत नोंदविली.

तार सापडली ती डिकीच्या कोपऱ्यात, काळ्या पिशवीत. पिशवीच्या आत प्लास्टिकचे वेष्टन होते, वेष्टनावर कारखान्याची चिकटपट्टी होती, आणि चिकटपट्टी शाबूत होती. गाडीला आठ वर्षे झाली होती. तिचे आधीचे मालक दोन. पहिली तीन वर्षे ती एका कंपनीकडे होती, जिथे अशा गाडीवर कर्मचाऱ्याला कर कमी पडतो, आणि नंतरची पाच वर्षे आमच्या नागपूरकर स्नेह्यांकडे, ज्यांना रस्त्याचा कर माफ असल्याचे विशेष कौतुक होते. आठ वर्षांत दोन मालकांनी मिळून ती तार एकदाही बाहेर काढली नव्हती. म्हणजे लग्न झाले, कर माफ झाला, आहेर आला, आणि नवरी मात्र अजून माहेरीच! गाडीच्या स्मरणपेटीत दीर्घकालीन सरासरी पाहिली, ती गॅलनला ४१ मैल निघाली. माहितीपत्रकात छापली होती १८८.

या १८८ चा छडा लावण्यात माझे तीन दिवस गेले, आणि ते माझ्या सबंध इंग्लंड-वास्तव्यातील सर्वांत सुखाचे दिवस होत. आधी मापांचीच अडचण. हा देश पेट्रोल लिटरने विकतो, अंतर मैलांनी मोजतो आणि गाडीची भूक गॅलनमध्ये सांगतो. तो गॅलनही ४.५४६ लिटरचा, अमेरिकेचा ३.७८५ चा नव्हे. ज्याच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते, जो बांधावर एकर-गुंठ्यांत भांडतो आणि ज्याचे आजोबा बिघ्यांत बोलत, अशा समाजातून आलेल्या मला या अनागोंदीने घरच्यासारखे वाटले. आकड्यामागची रीत कळली तेव्हा तर आनंदाला पारावार उरला नाही. त्या काळच्या युरोपीय चाचणीचे गृहीत असे होते, की मालक बॅटरी भरून निघतो, ती संपेपर्यंत विजेवर जातो, त्यानंतर अवघे २५ किलोमीटर पेट्रोलवर जातो आणि तेथे त्याला पुन्हा विजेचा खुंटा भेटतो. ५० किलोमीटर विजेचे, २५ पेट्रोलचे. म्हणून पेट्रोलचा खर्च एकतृतीयांश धरावा. साधी गाडी शंभर किलोमीटरला साडेचार लिटर पीत असेल तर ही दीड पिते. आणि दीड लिटरचा हिशेब गॅलनात मांडला की १८८ मैल बिनचूक येतात. विजेचा खर्च त्यात कोठेच नाही, आणि वेष्टनातल्या तारेचा तर नाहीच नाही.

ही रीत मी ओळखली. ही पैसेवारी होती! पीक उभे असताना गावोगाव फिरून, सोळा आण्यांच्या काळी आणेवारी आणि नंतर पैसेवारी म्हणून जो नजरअंदाज आम्ही काढीत असू, तो पन्नास पैशांच्या खाली गेला की गाव टंचाईत बसे आणि वर राहिला की शेतसारा वसूल होई. आणि जीपमधून न उतरता, काचेतून दिसणाऱ्या रस्त्याकडेच्या पिकावरून अख्ख्या गावाचा आकडा ठरविण्याचे पातक माझ्याही नावावर आहे. आमच्याकडे निदान नजरअंदाजानंतर सुधारित आणि त्यानंतर अंतिम पैसेवारी निघे. युरोपलाही ते सुचले असावे. चाचणी २०१७ पासून कडक झाली, आणि २०२४ साली युरोपीय आयोगाने, २०२१ मध्ये नोंदलेल्या मोटारींत बसविलेल्या मापकांच्या आधारे, अशी अंतिम पैसेवारी जाहीर केली की प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे रस्त्यावरचे कर्बउत्सर्जन कागदावरच्यापेक्षा सरासरी साडेतीन पट आहे. मुख्य कारणही तेच दिले: लोक ती वेळच्या वेळी भरीत नाहीत.

आमच्या घरात ती भरली जाईल, असा मी निश्चय केला.

रात्रीचे साडेदहा हा त्यासाठी मुहूर्त ठरला. कानटोपी, चिरंजीवांचा जुना रेनकोट, पायांत सौ.च्या सपाता (माझ्या वाळत असत) आणि एका हातात छत्री, अशा वेशात मी प्रत्यही अंगणात उतरे. घराबाहेर विजेचा खुंटा नव्हता. लांबणीच्या तारेवर गाडी लावू नये असा माहितीपुस्तकात स्पष्ट मनाई हुकूम होता, म्हणून दाराच्या आतल्या बाजूचा खुंटा गाठण्यासाठी तार दारावरच्या पत्रे टाकण्याच्या फटीतून आत घ्यावी लागे. फट उघडी राहिली की ऑक्टोबरअखेरचा वारा थेट दिवाणखान्यात शिरे. त्यावर उपाय म्हणून सौ.ने जुन्या लुगड्याची एक चुंबळ करून दिली, जी फटीत कोंबली असता तारही राही आणि वाराही अडे. नाकाच्या खोबणीत तार बसली की आत 'खट्' असा आवाज होई आणि एक हिरवा दिवा श्वास घेतल्यासारखा मंद होऊन पुन्हा उजळे. शेजारचे वृद्ध इंग्रज गृहस्थ त्याच वेळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवीत. पहिले चार दिवस त्यांनी केवळ मान लवविली. पाचव्या दिवशी कुंपणापाशी येऊन अत्यंत अदबीने विचारले, की आपण दररोज रात्री या मोटारीच्या नाकात काय घालता? मी म्हणालो, औषध. "बिचारी," ते म्हणाले, आणि आत गेले.

दिवाळीच्या सुमारास तिची खरी परीक्षा झाली. लंडनच्या महाराष्ट्र मंडळात, जे १९३२ साली स्थापन झाले आणि ज्याची वास्तू डॉलिस हिल भागात आहे, तिथे एका कार्यक्रमाला आम्हाला जायचे होते. अंतर चाळीसेक मैल. सर्वस्वी विजेच्या गाडीने जाणारा मनुष्य अशा वेळी वाटेतल्या खुंट्यांचा नकाशा पाठ करतो. आम्ही चिवड्याचा डबा घेतला आणि निघालो. आरंभी गाडी इतकी निःशब्द चालली की सौ. दोनदा म्हणाली, "अहो, सुरू केली ना?" महामार्गावर वेग वाढला, हवा गरम करण्याचे बटण दाबले, आणि पडद्यावरचे उरलेले मैल सणासुदीच्या पगारासारखे वितळू लागले. स्लाऊच्या अलीकडेच वीज संपली. पण ती संपल्याचे मला पडद्यावरून कळले. गाडीत कोणाला कळले नाही. मोठ्या कुटुंबात जेवणावळीच्या वेळी थोरल्या जावेने धाकटीच्या हातून पळी घ्यावी, वाढणे क्षणभरही न थांबावे, आणि पंगतीला कोणी वाढले हे पानावरून मान वर न करणाऱ्यास उमगूही नये, तसे पेट्रोलचे इंजिन आतल्या आत पुढे झाले. तेव्हा मला ती गाडी मनापासून आवडली. सूनबाईंकडे वळून मी म्हणालो, "आणि." त्या काही बोलल्या नाहीत.

आता जमाखर्च. एकदा पोटभर वीज द्यायला पावणेचार तास आणि भिंतीतून आठ युनिटे लागत. चिरंजीवांना युनिट साडेचोवीस पेन्सला पडे. म्हणजे एक पौंड शहाण्णव पेन्स झाले, आणि त्यात थंडीच्या दिवसांत एकवीस मैल होत. मैलाला सव्वानऊ पेन्स. पेट्रोलवर हीच गाडी जपून हाकली तर गॅलनला पंचेचाळीस मैल देते. लिटर एक पौंड छत्तीसला होते, तेव्हा मैलाला पावणेचौदा पेन्स. बचत साडेचार पेन्सांहून किंचित कमी. कचेरी आठ मैलांवर, आठवड्यातून तीन दिवस, शिवाय नातवाचे पोहणे, किराणा आणि स्थानक धरून वर्षाला विजेवर साडेतीन हजार मैल होतील असे मानले तर बचत झाली सुमारे दीडशे पौंड. स्नेही मागत होते ती किंमत तशाच साध्या पेट्रोल गाडीहून अठराशे पौंडांनी अधिक. ती वसूल व्हायला पावणेबारा वर्षे, आणि गाडी आत्ताच आठ वर्षांची! मात्र रात्रीचा खास दर घेतला, जो आठ पेन्सांना मिळतो असे चिरंजीव म्हणाले, तर मैलाचा खर्च तीन पेन्सांवर येतो, बचत पावणेचारशेच्या घरात जाते आणि पाच वर्षांच्या आत भरपाई होते. तेव्हा रात्रीचा दर मिळत असल्यास घ्यावी, न मिळाल्यास घेऊ नये, इतका निखळ निष्कर्ष काढून मी वही मोठ्या समाधानाने सूनबाईंपुढे ठेवली.

त्यांनी ती संपूर्ण वाचली. मग पेन्सिलीने खर्चाच्या बाजूला एक रकाना आखला आणि त्यात लिहिले: 'रात्रपाळीचा शिपाई, एक. वेतन?'

"बाबा," त्या म्हणाल्या, "तुमचा हिशेब बरोबरच आहे. पण तो तुमचा आहे."

हा आक्षेप मला झोंबला. चिरंजीव एवढे आळशी नाहीत, असे मला सिद्ध करावयाचे होते; आणि सिद्ध करण्याचा एकच मार्ग मला ठाऊक होता, तो म्हणजे कोणास न कळविता दप्तर तपासणे. सोमवार, ४ नोव्हेंबरच्या रात्री मी कानटोपी घातली नाही. साडेदहा वाजले, अकरा वाजले. वर जाताना चिरंजीवांनी दिवाणखान्यातला दिवा आठवणीने मालवला, दाराची कडी आठवणीने लावली, आणि दाराशी वेटोळे करून ठेवलेली तार पायाने किंचित बाजूला सारून ते निजायला गेले. मंगळवारीही तेच झाले. बुधवारी मी मुद्दाम "आज पाऊस फार आहे, नाही?" असे मोठ्याने म्हणून पाहिले. "हो ना," ते म्हणाले. गाडी मंगळवारी आणि बुधवारी पेट्रोलवर कचेरीत गेली आणि पेट्रोलवर परत आली. कारण हिचा सारा मोठेपणा असा, की विजेची गाडी न भरली तर ती मालकाला दुसऱ्या सकाळी अंगणात उभा करून शिक्षा देते, आणि ही मात्र चकार शब्द न काढता क्षमा करते. इतकी क्षमाशील बायको आणि इतका क्षमाशील साहेब यांच्या हाताखाली कोणाचे काय होते, हे मी पाहिलेले आहे.

गुरुवारी चिरंजीव मला ग्रंथालयात सोडायला निघाले. न्यूझीलंडने आदल्या रविवारी वानखेडेवर भारताला पंचवीस धावांनी हरवून मालिका तीन-शून्य अशी खिशात घातली होती, आणि त्या दुःखाची चिकित्सा करणारे कोणीतरी गाडीत अखंड बोलत होते. चढ आला. इंजिनाने आवाज चढविला, तो मला माझ्या तळपायांत जाणवला. चिरंजीवांनी चिकित्सकाचा आवाज जरा कमी केला, खिडकीबाहेर समाधानाने पाहिले, आणि ते म्हणाले, "बाबा, काहीही म्हणा, लाइटवर गाडी किती शांत चालते!"

मी त्या रात्री वहीत शेवटचा शेरा लिहिला: 'वाहन निर्दोष. खरेदीस हरकत नाही. मात्र सदर वाहन अर्जदारास देण्यात येऊ नये.' सही केली, तारीख घातली, आणि सूनबाईंनी तो शेरा फ्रिजवर चुंबकाने लावला.

स्नेही नागपूरहून संत्र्याची बर्फी घेऊन आले. पेट्रोलचा काटा जाताना होता त्याच्या जवळपासच पाहून ते चकित झाले, आणि गाडी आम्ही कुठे नेलीच नाही की काय, असे त्यांनी काळजीने विचारले. किमतीचा विषय निघाला तेव्हा चिरंजीव माझ्याकडे बघून म्हणाले, "बाबांचा व्हिसा जानेवारीत संपतो. पुढच्या उन्हाळ्यात ते परत येतील, तेव्हा बघू." स्नेह्यांना या उत्तरातला अन्वय लागला नाही, ते बर्फी ठेवून, गाडी घेऊन गेले.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. काल सौ.ला दाराच्या फटीतली चुंबळ धुवायला हवी होती, म्हणून मी ती ओढून काढली, तेव्हा चपलांच्या मांडणीखाली काळी पिशवी दिसली. तार आमच्याकडेच राहिली आहे. स्नेही दर शनिवारी भाजीबाजारात भेटतात, गाडी उत्तम चालली आहे असे सांगतात, आणि तारेविषयी अजून त्यांनी एका अक्षराने विचारलेले नाही.